स्काफ्टीच्या फळीवरची पहिली खुंटी

स्काफ्टी आरासन गेला तेव्हा दक्षिणेकडच्या विनिपेग शहराच्या पेपरात त्याच्यावर चार ओळी आल्या. वर ठळक अक्षरांत 'उत्तरेकडील हवाई उद्योजक'. उद्योजक डोंबलाचा! त्या माणसाच्या कंपनीत मी जन्म काढला. तिकिटं दिली, रेडिओवर घसा फोडला, बर्फात उभी राहून लोकांची गाठोडी तोलली. मला विचाराल तर धंदा कशाशी खातात ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याला विमान आवडायचं आणि माणसं आवडायची, आणि एवढ्यावर कंपनी चालते असं त्याला मनापासून वाटायचं. नवल म्हणजे बरीच वर्षं ती चाललीसुद्धा.

म्हणून आता मीच सांगते. पेपरवाल्यांवर सोडलं तर आमच्या स्काफ्टीचा नुसता पुतळा करून ठेवतील.

त्याची माणसं मूळची आइसलँडची. आजा मोठ्या तळ्याच्या दक्षिण टोकाला येऊन मासे धरायला लागला. तिथले मासे कमी झाले तसा बाप उत्तरेला सरकत सरकत आमच्या स्टोनगूजला येऊन ठेपला. आम्ही क्री लोक इथले पहिल्यापासूनचे. आमच्या थोरांना वाटलं, आलाय एका मोसमापुरता, जाईल. तो कसला जातोय! त्याचा पोरगा आमच्याच पोरांत वाढला. क्री बोलायचा ती आमच्यासारखीच. शिव्या तेवढ्या आइसलँडच्या द्यायचा, कारण त्या म्हणे तोंडभरून येतात. अंगानं उंच, जरा वाकलेला, टोपी कानांवर ओढलेली. काळी कॉफी प्यायची ती दातांत साखरेचा खडा धरून. बोलतानाही खडा दातांतच, त्यामुळे तो बोलायचा त्यातलं अर्धं ऐकू यायचं आणि उरलेलं आपण समजून घ्यायचं.

बापाचे मासे शहरात पोचेपर्यंत नरम पडायचे, म्हणून पोरानं हट्टानं एक जुनं नॉर्समन विमान आणलं. एक इंजिन, समोर एक पंखा, आत डब्यासारखी जागा. उन्हाळ्यात त्याला होडीसारखे पाय लावायचे म्हणजे ते पाण्यावर उतरायचं. हिवाळ्यात स्की लावायच्या, मग बर्फावर. जाताना मासे न्यायचं, येताना पीठ, साखर, रॉकेल आणायचं. त्यात माणसं बसवावीत हे त्याच्या डोक्यातही नव्हतं. ते घातलं माझ्या सासूनं.

माझी सासू फिलोमीन. सून सासूबद्दल बोलणार म्हटल्यावर तुम्ही कान टवकारलेच असतील. टवकारा. बाई जहाल होती, पण खोटी नव्हती.

त्या वर्षी तिची दाढ दुखायला लागली. गाल सुजला, डोळा झाकला, ताप चढला. दवाखान्याची नर्स म्हणाली, विनिपेगला न्या, नाहीतर विष अंगात भिनेल. पण फिलोमीन गाव सोडायला तयार नाही. त्याला कारण होतं. तिच्या पाठची बहीण आल्फोन्सीन, तिला छातीचा आजार झाला म्हणून डॉक्टरांच्या बोटीनं दक्षिणेला नेलं होतं. बरी झाली की आणतो म्हणाले. ती आली नाही. तिचा निरोप आला नाही, आणि तिला कुठं पुरलं तेही कुणी कधी सांगितलं नाही. आमच्याकडे अशी एकच आल्फोन्सीन नव्हती, घराघरात होती. तेव्हापासून फिलोमीननं ठरवलेलं, मरायचं तर इथं, आपल्या तळ्याच्या काठी.

स्काफ्टी तिला न्यायला आला तेव्हा सगळं गाव धक्क्यावर जमलं होतं. मी नुकतीच लग्न होऊन आलेली, मागं उभी होते.

"मावशी, चल," तो म्हणाला. "दाढ काढली की लगेच परत."

"नेणारे खूप बघितले," ती सुजल्या तोंडानं म्हणाली. "आणणारा दाखव."

"मी आणतो की!"

"आल्फोन्सीनला नेताना असंच म्हणाले होते. गोऱ्या लोकांची जीभच गोड."

"मी काय गोरा आहे का?" स्काफ्टी रागानं म्हणाला.

तो दुधात बुडवून काढल्यासारखा गोरा होता. सगळा धक्का खो खो हसला. माझा सासरा तर हसता हसता खालीच बसला. फिलोमीन हसली नाही. तिनं शेजारी वाळत घातलेल्या जाळ्याचा एक लाकडी ठोकळा तोडून घेतला. जाळं पाण्यावर धरून ठेवतात ना, ते ठोकळे. ठोकळा पाण्यावर दिसला नाही की समजायचं, जाळं बुडालं, शोधायला निघायचं. आमच्या गावात तान्ह्या पोरालाही हे कळतं.

"हा ठोकळा मी बरोबर नेते," ती म्हणाली. "तुझ्या शेडच्या भिंतीवर एक खुंटी ठोक. मी बाहेर आहे तोवर ती रिकामी. येणाराजाणारा विचारेल, फिलोमीन कुठं गेली? मी आले की माझ्या हातानं ठोकळा खुंटीला लावीन. तोवर तुझं काम संपलेलं नाही. कबूल?"

"कबूल," स्काफ्टी म्हणाला. लगेच हातोडी आणून त्यानं सगळ्यांच्या देखत खुंटी ठोकली.

तिसऱ्या दिवशी फिलोमीन परत आली. दाढ नाही, गाल उतरलेला, हातात ठोकळा. तो खुंटीला लावून ती म्हणाली, "पोरगा बरा आहे." आमच्या सासूबाईंच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे बिशपनं पाठ थोपटल्यासारखं होतं. पुढच्या आठवड्यात धक्क्यावर रांग लागली. कुणाला बाळंतपणाला जायचं, कुणाला मुलीकडे, कुणाला नुसतंच एकदा वरून आपलं तळं बघायचं. प्रत्येकाचा ठोकळा, प्रत्येकाची खुंटी. भिंत पुरेना, म्हणून स्काफ्टीनं लांब फळी आणली आणि फिलोमीनची खुंटी तीवर पहिली ठोकली.

अशी आमची स्टोनगूज एअर निघाली.

सुरुवातीचे हिवाळे आठवले की अजून हसू येतं. थंडीत इंजिनातलं तेल रात्रीत डांबरासारखं घट्ट व्हायचं. म्हणून विमान उतरलं की गरम असतानाच तेल डब्यात काढायचं, घरात चुलीपाशी ठेवायचं, आणि सकाळी इंजिनावर ताडपत्री टाकून त्याला शेक देऊन ते परत ओतायचं. तळ्याला सगळ्यात जवळचं घर आमचं. म्हणजे चूल कुणाची? माझी. एका बाजूला चहाचं भांडं, एका बाजूला स्काफ्टीचा तेलाचा डबा. माझ्या बॅनकच्या भाकरीला विमानाचा वास यायचा. सासू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "सुनेच्या हाताला चव आहे हो, पण उडायची भीती वाटते." मी मूग गिळून गप्प बसायचे, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या चहात साखर कमी घालायचे.

मग मी स्काफ्टीला म्हटलं, "माझी चूल वापरतोस तर मला पगार दे." तो म्हणाला, "जेम, चुलीला पगार देता येत नाही, तुला देतो. रेडिओवर बोलशील?" माझं नाव जेमायमा, पण तेवढं म्हणायला त्याच्या तोंडात जागा कुठं होती? अशी मी नोकरीला लागले. फळी माझ्या ताब्यात आली.

त्याची बायको लौगा सुक्या आलूबुखारचा थराथरांचा केक करायची, त्यांच्याकडे सणाला करतात तो. ती तो प्रवाशांसाठी करायला लागली. कंपनी वाढत गेली. दुसरं विमान आलं, तिसरं आलं. आसपासच्या वस्त्यांतून लोक बोलवायला लागले. पोरं पायलट व्हायला शहरातून यायची आणि पहिल्या हिवाळ्यात रडायची. आमच्यातलीही तयार झाली. म्हातारा ओबेदाया आमच्याकडे सामान चढवायचा, त्याची नात डेल्फीन स्काफ्टीच्या शेजारी बसून विमान चालवायला शिकली. पहिल्यांदा एकटी उडाली तेव्हा ओबेदाया तळ्यावर गुडघे टेकून बसला होता आणि स्काफ्टी त्याच्या शेजारी उभा राहून आइसलँडच्या शिव्या पुटपुटत होता. तीच त्याची प्रार्थना.

शेवटी सरकारनं गावाला धावपट्टी बांधून दिली आणि स्काफ्टीनं थेट विनिपेगसाठी दोन इंजिनांचं मोठं विमान घेतलं. पांढरं, पोटावर निळा हंस. आम्हाला निळे कोट मिळाले. मला काऊंटर मिळालं. नॉर्समन शेडमागं जाऊन उभं राहिलं. फळी मात्र नव्या ऑफिसात, अगदी दारासमोर आली. शहराचा एक माणूस म्हणाला, "ही लाकडं कसली टांगलीत? इथं छान पोस्टर लावा." मी म्हटलं, "पोस्टरकडं बघून आमची म्हातारी घरी आली का ते कळेल का?"

फळीवरचे सगळेच जिवंत परत आले असं नाही. शहरात गेलेल्यांतलं कुणी ना कुणी दवाखान्यात संपायचं. तेव्हा स्काफ्टी विमानाच्या खुर्च्या काढून पेटी घालायचा आणि स्वतः चालवत आणायचा. घरचं माणूस मयताच्या खिशातून ठोकळा काढायचं आणि फळीला लावायचं. रडारड व्हायची, पण निदान रडायला माणूस समोर असायचा. फिलोमीन अशा प्रत्येक वेळी यायची. भिंतीला टेकून उभी राहायची, आणि आम्हाला सगळ्यांना माहीत असायचं की ती आल्फोन्सीनचा विचार करतेय.

आता ही कंपनी बुडाली कशी? पेपरात लिहिलंय, 'बदलत्या स्पर्धेमुळे'. मी सांगते खरं. ती थांबण्यापायी बुडाली.

स्काफ्टीचं विमान थांबायचं. माणूस येणार म्हटलाय ना, मग तो येईपर्यंत थांबायचं. एकदा ओबेदाया कवळी विसरला म्हणून सगळे बसून राहिले. एकदा कुणाची तरी बायको शिकारीचा हंस सोलत होती, तो अर्धा कसा टाकायचा? थांबा. विमानातले लोक चिडायचे नाहीत. चहा काढायचे, पत्ते काढायचे. उद्या आपल्यावरही वेळ येणार हे प्रत्येकाला माहीत. पण पेशंट ने-आण करायचं मोठं काम शहरातल्या एका कचेरीकडून मिळायचं, आणि मोठं विमान त्याच कामावर पोसलं जायचं. त्या कचेरीचा माणूस एक दिवस आला. सारखा मनगटाकडं बघत होता.

"मिस्टर आरासन, तुमची विमानं वेळेवर सुटत नाहीत."

"सुटतात," स्काफ्टी म्हणाला. "सगळे बसले की सुटतात."

"वेळ ही वेळ असते."

"असेल. तुमचं घड्याळ आहे, माझी माणसं आहेत."

मी काऊंटरमागून डोळे वटारत होते, अरे बाबा, गप्प बस! लौगा असती तर तिनं पुढं केकची ताटली सारून निभावून नेलं असतं. पण लौगा आदल्या वर्षीच गेली होती, मूल ना बाळ मागं ठेवून. स्काफ्टीला थोपवणारं कुणी उरलं नव्हतं.

काम गेलं. शहरातल्या एका बड्या कंपनीला मिळालं. त्यांची विमानं काट्यावर सुटायची, मागं राहिला तो राहिला. तिकीटही निम्म्यात. आणि आमचे लोक! वर्षानुवर्षं ज्यानं यांची बाळं आणि मयतं आणली, त्याच्या दारावरून हे लोक मान खाली घालून दुसऱ्या काऊंटरला जायचे. माझा स्वतःचा नवरा, नझेर, भाच्याच्या लग्नाला त्यांच्या विमानानं गेला. म्हणे, स्वस्त पडतं गं. मी त्याला दोन दिवस चहा दिला नाही. तिसऱ्या दिवशी तो आपणहून स्काफ्टीकडे गेला. स्काफ्टीनं विचारलं, "केक देतात का रे?" नझेर म्हणाला, "शेंगदाणे देतात." स्काफ्टी म्हणाला, "मग माझ्याकडं येऊन खात जा." असा माणूस. अशा माणसाची कंपनी बुडणार नाही तर काय होईल?

बँकेनं कर्जापायी विमानं न्यायचा दिवस ठरवला. महिनाअखेर. स्काफ्टीनं एकच धरून ठेवलं, बंद होण्याआधी फळी भरली पाहिजे. बाहेर असलेल्या एकेकाला तो जाऊन घेऊन आला. खुंट्या भरत गेल्या. शेवटी राहिली पहिली. फिलोमीनची.

सासूबाई मोतीबिंदू काढायला विनिपेगला गेल्या होत्या. उत्तरेच्या पेशंटांसाठी तिथं एक वसतिगृह आहे, तिथं मुक्काम. डोळा कधीच बरा झाला होता. मी फोन केला की कारण तयार. आधी म्हणाली, डोळ्यात पाणी येतंय. मग म्हणाली, गुडघा धरलाय. मग म्हणाली, शनिवारी बिंगोचा मोठा डाव आहे आणि मला टोस्टर जिंकायचाय.

"आई, घरात वीज धड नाही, टोस्टर काय करायचाय?"

"बघायला," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बाईनं ही खुंटी ठोकायला लावली, तिनंच शेवटच्या दिवशी माणसाला असं टांगून ठेवावं? बँकेचा माणूस किल्ल्या घ्यायला आला तेव्हा स्काफ्टी फळीसमोर खुर्ची टाकून बसला होता.

"कंपनी आजपासून बंद," तो माणूस म्हणाला.

"एक प्रवासी बाहेर आहे," स्काफ्टी म्हणाला. "ती येईपर्यंत चालू."

त्या बिचाऱ्याला काही कळलं नाही. निळ्या हंसाचं विमान त्यांनी नेलं, बाकीची नेली. शेडमागचं नॉर्समन राहिलं. ते स्काफ्टीच्या स्वतःच्या नावावर होतं, आणि फुकटही कुणाला नको होतं. ऑफिसाला कुलूप लागलं. स्काफ्टीनं फळी उतरवली आणि आपल्या स्वयंपाकघरात लावली. मग रोज सकाळी दाढी करून, निळा कोट चढवून, तो वसतिगृहाला फोन करायचा.

"मावशी, निघायचं?"

"अजून नाही रे," पलीकडून यायचं.

मग तो कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावायचा. पानं गळली, तळं गोठलं, नाताळ झाला, तरी हेच चाललेलं. शेवटी मीच कंबर कसली. बर्फावरचा हिवाळी रस्ता सुरू झाला तसा नझेरचा ट्रक काढला आणि सासूला फैलावर घ्यायला विनिपेग गाठलं.

ती खिडकीपाशी बसली होती. मी तिला पाहिलं आणि फैलावर घ्यायचं विसरूनच गेले. हातापायांच्या काड्या झालेल्या. जेवणाचं ताट तसंच. शहरातला मासा तिच्यानं खाववत नव्हता. टोस्टर मात्र उशाशी. नर्सनं मला बाजूला घेऊन सांगितलं, छातीचे ठोके चुकतायत, फार दिवसांचा भरवसा नाही.

"आई, हे काय चालवलंय?" मी म्हटलं. "घरी का येत नाहीस?"

"दार लाव," ती म्हणाली. मी लावलं. "तुला डोकं आहे का गं? मी घरी आले, ठोकळा लावला, की त्याची कंपनी संपली. बायको गेली, विमानं गेली, पोर ना बाळ. सकाळी उठून दाढी कशासाठी करेल तो? मी इथं आहे तोवर त्याला एक प्रवासी आहे."

मी तिच्या पलंगावर बसले आणि ढसाढसा रडले. इतकी वर्षं या बाईच्या चहात मी साखर कमी घातली होती.

"पण आई, तू इथंच गेलीस तर?"

ती गुडघ्यावर धरलेला ठोकळा अंगठ्यानं घासत होती. "आल्फोन्सीन असेलच की इकडंच कुठंतरी," ती म्हणाली. "सोबत होईल."

घरी आले ती तशीच ओल्या बुटांनी स्काफ्टीकडे गेले. कुणाला वाईट वाटेल याचा विचार न करता सगळं सांगून टाकलं. तो कॉफी पीत होता.

"मला काय कळत नव्हतं होय?" तो म्हणाला. "मोतीबिंदू काढायला सबंध हिवाळा लागतो का? पण जेम, सकाळी फोन करायला बरं वाटायचं. कुणीतरी अजून नाही म्हणायचं. मी मनात म्हणायचो, उद्या."

"ती खात नाहीये, स्काफ्टी. ती तिथंच संपेल. आल्फोन्सीनसारखी. आणि तुझ्यासाठी."

त्यानं साखरेचा खडा दातांतून काढून बशीत ठेवला. उभ्या जन्मात मी त्याला असं करताना पाहिलं नव्हतं.

"तुझ्या चुलीत जाळ आहे का?" त्यानं विचारलं.

दोन दिवस तो, नझेर आणि ओबेदाया नॉर्समनला भिडले होते. कंपनीचा परवाना गेला होता, त्याचा स्वतःचा विमान चालवायचा होता. पैसे न घेता पाहुण्याला नेलं तर कुणी अडवणार नव्हतं. तिसऱ्या सकाळी माझ्या चुलीवरचा तेलाचा डबा उचलून स्काफ्टी पळत सुटला, मी मागून ताडपत्री ओढत. इंजिन खोकलं, थुंकलं, काळा धूर ओकत सुरू झालं. मीही चढले. असल्या वेळी मी घरी बसेन होय?

विनिपेगबाहेर नदीच्या बर्फावर आम्ही उतरलो. नझेरच्या शहरातल्या भाच्यानं फिलोमीनला गाडीतून तिथं आणलं होतं. तिनं विमानाकडं पाहिलं.

"हे खटारं अजून उडतं?"

"तुझ्यासारखंच, मावशी."

"आणि कंपनी? आहे का बंद झाली?"

"आज आहे," स्काफ्टी म्हणाला. "तू घरी पोचेपर्यंत आहे."

"मग एवढी घाई कशाला केलीस?" ती ओरडली, पण आवाजात जोर नव्हता. "मी अजून बसले असते की!"

"मी कबूल झालो होतो, मावशी. तुला परत आणेपर्यंत माझं काम संपत नाही म्हणून." त्यानं तिला टोस्टरसकट उचललं आणि आत बसवलं. वाटेत लौगाच्या पद्धतीचा केक निघाला. त्यानं स्वतः केलेला, दगडासारखा कडक. सासूबाईंनी तो चहात बुडवून सगळा खाल्ला. त्या हिवाळ्यात तिनं पोटभर खाल्लेलं ते पहिलंच.

आमचं तळं खाली दिसायला लागलं तशी ती काचेला नाक लावून बसली. उतरलो, तर काठावर सगळं गाव. तेच लोक, निम्म्या तिकिटाला भुललेले. मला चार शब्द सुनवायचे होते, पण म्हटलं आज नको. फिलोमीनला मधे धरून आम्ही स्काफ्टीच्या स्वयंपाकघरात आणलं. तिनं ठोकळा पहिल्या खुंटीला लावला.

"झालं," ती म्हणाली. "मिटव आता दुकान."

"मिटलं," स्काफ्टी म्हणाला, आणि रडला. तोंड लपवून नाही, चांगला हुंदके देऊन. आम्हीही सगळे रडलो. नझेर सगळ्यांत जास्त, आणि ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. उघडते तर स्काफ्टी. दाढी केलेली, निळा कोट.

"मावशी, निघायचं?"

"कुठं रे मेल्या आता?" आतून आवाज आला.

"कुठं नाही. कॉफीला."

त्यानंतर तो रोज यायचा. आमच्या तळ्यातला मासा पोटात गेला तशी सासू सावरली, त्या नर्सला खोटं पाडून पुढची कित्येक वर्षं आम्हा सगळ्यांना बोलत राहिली. डोळे मात्र पुन्हा गेले. स्काफ्टी तिला मासा काटे काढून द्यायचा, आणि ती म्हणायची, अजून एक राहिलाय, आंधळी मी आहे का तू?

मग त्याचीच छाती बिघडली. शहरात न्यायचं ठरलं, अर्थात त्या बड्या कंपनीच्या विमानानं. चालवणारी डेल्फीन होती, कंपनी बुडाल्यावर तिला तिथंच नोकरी मिळालेली. धावपट्टीवर फिलोमीन चाकाच्या खुर्चीतून आली आणि आपला ठोकळा तिनं स्काफ्टीच्या हातात कोंबला.

"मावशी, मी पायलट. मला ठोकळा नसतो."

"आता प्रवासी आहेस. घे गुपचूप. नेणारे नेतायत, तू ये."

तो दवाखान्यातच गेला. पेटी आणायच्या दिवशी विनिपेगला बर्फाचं वादळ, पेटीची गाडी वाटेत अडकली. सुटायची वेळ झाली. कंपनीनं रेडिओवर डेल्फीनला सांगितलं, नीघ. डेल्फीननं इंजिनं बंद केली. म्हणाली, "माझा एक प्रवासी बाहेर आहे." पुन्हा सांगितलं, तिनं पुन्हा तेच उत्तर दिलं. मागं सगळी आमच्याकडचीच माणसं बसली होती. कुणीतरी चहाची बाटली काढली, कुणीतरी पत्ते. गाडी आली, पेटी चढली, मग विमान सुटलं. डेल्फीनला नंतर ताकीद मिळाली, ती तिनं फ्रेम करून लावलीय.

पेटी त्याच्या स्वयंपाकघरात आणली. कोटाच्या खिशातून मी ठोकळा काढला आणि सासूच्या हातात दिला. तिचा हात धरून खुंटी दाखवायला गेले तर तिनं तो झटकला. चाचपत चाचपत तिनं पहिली खुंटी शोधली, ठोकळा लावला, आणि तो नीट बसलाय ना ते बोटांनी पाहिलं.

"भरली का गं फळी?"

"भरली, आई."

तिनं फळीवरून एकदा हात फिरवला.

"मग चहा ठेव," ती म्हणाली. "माणसं थंडीतून आलीयत."